उलटीच्या गोळीसाठी जनुक चाचणी: पैसे भरण्याआधी अहवालात काय बघाल

गालाच्या आतून काडी फिरवा, गरोदरपणात कोणती उलटीची गोळी लागू पडेल ते कळेल, असं सांगणाऱ्या चाचण्या आता सहज मिळतात. चाचणी खोटी नाही. फक्त तिच्या जाडजूड अहवालातलं एकच पान कामाचं असतं, आणि तेही बहुतेक वेळा उशिरा हातात पडतं.

ते पान म्हणजे सीवायपी२डी६ (थोडक्यात २डी६) हे जनुक. ऑन्डॅन्सेट्रॉन ही उलटीची गोळी यकृतात मोडणाऱ्या एन्झाइम्सपैकी एक ते बनवतं. या जनुकाच्या जास्तीच्या प्रती असलेल्या बाईच्या शरीरात गोळी भराभर मोडते आणि उलटी थांबत नाही. अशांना ग्रॅनिसेट्रॉनसारखा पर्याय द्यावा, असं सीपीआयसी या जनुकांनुसार औषध ठरवण्याचे नियम देणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गोळी पोहोचत नाही म्हणून आपल्या मनाने दुप्पट घेणं मात्र चूक. पहिल्या तीन महिन्यांत हे औषध घेतल्यास ओठ-टाळू दुभंगण्याच्या दर १०,००० मागे सुमारे ३ जादा केसेस दिसल्याचं युरोपीय औषध यंत्रणेने २०१९ मध्ये नोंदवलं आहे.

मेटोक्लोप्रामाइड या दुसऱ्या उलटीच्या औषधाचं उलट आहे. हे एन्झाइम मंद असेल तर औषध साचतं आणि मान वाकडी होणं, जबडा आखडणं, डोळे वर जाणं असे प्रकार होऊ शकतात. मात्रा कमी ठेवायची ती अशांची.

अहवाल आला की आधी ‘प्रतींची संख्या’ छापली आहे का ते बघा. नुसतं *१/*१ (म्हणजे आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती सर्वसाधारण) लिहिलं असेल तर ते अर्धवट आहे. एक प्रत गळालेली (*१/*५) किंवा एक जास्तीची असली तरी प्रती न मोजणाऱ्या स्वस्त चाचणीत तेच *१/*१ दिसतं, खाली ‘नॉर्मल’ असा शिक्का. शेजारीच सीवायपी२डी७ हे जवळपास तसंच दिसणारं निकामी जनुक असल्याने गोंधळ आणखी वाढतो. ‘प्रती मोजता का?’ हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या.

शिवाय गरोदरपणात २डी६ आणि ३ए४ या औषधं मोडणाऱ्या एन्झाइम्सचा वेग वाढतो, १ए२ या तिसऱ्याचा मंदावतो. फ्लुओक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील तर कागदावरची ‘नॉर्मल’ बाई प्रत्यक्षात मंद ठरते. अहवाल छापताना यातलं काहीच धरलेलं नसतं.

जीडीएफ१५ या संप्रेरकाच्या जनुकाच्या चाचणीसाठी वेगळे पैसे देऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये आलेलं संशोधन उत्तम आहे: गर्भाकडून येणारं हे संप्रेरक मळमळ घडवतं, आणि आधीपासून त्याची पातळी जास्त असलेल्या बायकांना त्रास कमी होतो. डोहाळे कडक का लागतात ते यातून समजतं. गोळी कोणती, हे नाही.

डॉक्सिलामीन-पायरिडॉक्सिन या पहिल्या पसंतीच्या गोळीबद्दल तर जनुकांवर आधारित शिफारसच नाही. ती ‘लागू पडत नाही’ तेव्हा बरेचदा घेण्याची पद्धत चुकलेली असते. तिच्यावर आवरण असतं, असर व्हायला काही तास लागतात. म्हणून ती रात्री झोपताना, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, न तोडता घ्यायची. दोन्ही औषधं १०-१० मिग्रॅ असलेल्या दोन गोळ्यांनी सुरुवात, दोन दिवसांत भागलं नाही तर सकाळी एक, मग दुपारनंतर एक, दिवसाला जास्तीत जास्त चार. २०-२० च्या गोळ्याही येतात. त्या चार घ्यायच्या नाहीत. पाकीट नीट वाचा आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

नमुन्याचं म्हणाल तर थुंकी भरायची नळी टाळा. मळमळ असताना ते अशक्यप्राय होतं. काडी वापरायची तर आधी अर्धा तास खाणं-पिणं बंद, आणि नुकतीच उलटी झाली असेल तर चूळ भरून पुन्हा तेवढं थांबा. रक्त दिलेलं सगळ्यांत बरं. तपासलं जातं ते आईचंच डीएनए, त्यामुळे यातून बाळाचं लिंग कळत नाही; सासूबाईंनी विचारलं तरी.

त्रास नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचतो. सातव्या आठवड्यात नमुना दिला आणि अहवालाला दोन-तीन आठवडे लागले, तर तोवर सलाईन लावून झालेलं असतं. पहिल्या खेपेला साधी मळमळ असेल तर पैसे वाचवा. मागच्या वेळी ॲडमिट व्हावं लागलं असेल तर पुढच्या खेपेला दिवस राहण्याआधीच करून घ्या. त्या हिशेबाने चाचणीला पाचपैकी तीन गुण.

निकाल जन्मभर बदलत नाही, तेव्हा तो बाळंतपणाच्या फायलीत लावून ठेवा. २डी६ अतिवेगवान असलेल्या आईला प्रसूतीनंतर वेदनेसाठी कोडीन किंवा ट्रॅमाडॉल दिलं तर दुधातून बाळाला धोका होऊ शकतो. अंगावर पाजणाऱ्या कोणत्याच आईला ही औषधं देऊ नयेत, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०१७ मध्ये बजावलं आहे.