ओम्नीला १३ इंची रिम: टायर कोणता बसवावा?

पुण्याच्या नाना पेठेतून जुने १३ इंची अलॉय उचलण्याआधी टायरचा नव्हे, भोकांचा हिशोब करा. ओम्नीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चार बोल्ट; पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ११४.३ मिमी. इंडिका, सॅन्ट्रोचे रिम १०० मिमीचे, ते बसणार नाहीत. आठ भोकांचे अलॉय दोन्हींना चालतात, पण त्यांचं मधलं भोक बहुधा हबपेक्षा मोठं असतं. हब रिंग (ती फट भरणारी कडी) न टाकता बसवले तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. मग कितीही बॅलन्सिंग करा, उपयोग नाही.

कंपनीचा टायर १४५ आर१२ एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा). टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के धरली तर व्यास ५३७ मिमी. त्याच्याशी ताडून पाहू.

१५५/६५ आर१३: व्यास ५३२ मिमी. मीटर जवळपास बरोबर राहतो, चाक कुठे घासण्याची भीती कमी. अडचण वजनाची. यावर बहुधा लोड इंडेक्स ७३ असतो, म्हणजे टायरमागे ३६५ किलो. मागची जोडी ७३० किलो पेलते. सीएनजीचं सिलिंडर, मागच्या सीटवरची माणसं आणि सामान धरलं तर हाताशी फार काही उरत नाही.

१६५/६५ आर१३: ५४५ मिमी, इंडेक्स ७७, टायरमागे ४१२ किलो. घरच्या वापराच्या ओम्नीला आमची पसंती हाच. मात्र रिम किमान साडेचार इंच रुंद हवा. मूळ ४ इंची रिमऐवजी ५ इंची घेतला आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठाचं अंतर) तोच असला, तर रिम आत-बाहेर प्रत्येकी १२.७ मिमी सरकतो. आतली बाजू पुढे स्ट्रटला (शॉकअॅब्सॉर्बरच्या खांबाला), मागे स्प्रिंगच्या पाट्याला लागते का ते बघा. बोटभर फट हवीच.

१५५/८० आर१३: ५७८ मिमी, मूळपेक्षा साडेसात टक्क्यांहून मोठा. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४च्या पुढे असेल. ७९६ सीसीच्या इंजिनाला दिवे घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर मागावा लागेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून स्पीडब्रेकर घेतला की टायर चाकावरच्या आर्चला घासेल. स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

माल किंवा शाळेची मुलं वाहायची असतील तर १२ इंची एलटीच ठेवा. साध्या पॅसेंजर टायरपेक्षा त्याच्या भिंती जाड असतात आणि तो जास्त हवेवर चालतो. मनात शंका असेल तर भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या आणि फक्त मागची चाकं चढवा. आलेला आकडा अर्धा करून टायरवरच्या इंडेक्सशी जुळवा.

बसवल्यावर ५० किमी चालवून नट पुन्हा आवळा. अलॉयला लांब, शंकूच्या बुडाचे नट लागतात. स्टीलच्या रिमचे जुने नट पुरेसे आटे धरत नाहीत. स्टेपनी १२ इंचीच राहिली तर पंक्चरच्या दुकानापर्यंत चालेल, पण तिचे मूळ नट गाडीतच ठेवा. आणि मूळ रिम विकू नका: १५ वर्षांनंतर आरटीओच्या तपासणीला तेच लावून गेलेलं बरं.