प्लम्पीनट: ९२ ग्रॅमच्या पाकिटाचे परीक्षण

अतितीव्र कुपोषित बालकांना दिले जाणारे प्लम्पीनट हे तयार उपचारखाद्य मी एका पोषण प्रशिक्षणात चाखून पाहिले. पाकिटाचा कोपरा फाडून दाबले की दाट, तेलकट लगदा बाहेर येतो. चव दाण्याच्या लाडवाच्या जवळची, मात्र मागे दूध भुकटीचा स्वाद रेंगाळतो. शेंगदाणे, साखर, दूध भुकटी, तेल, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्या या ९२ ग्रॅममध्ये ५०० किलोकॅलरी असतात.

आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान या फ्रेंच जोडीने १९९६ मध्ये ते तयार केले. त्यापूर्वी अशा मुलांवर पाण्यात कालवलेल्या विशेष दुधाने उपचार होत, आणि स्वच्छ पाण्यासाठी व देखरेखीसाठी मुलाला आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवावे लागे. या पाकिटाला पाणी कालवावे लागत नाही, शिजवावे लागत नाही. गुंतागुंत नसलेल्या आणि भूक शाबूत असलेल्या सहा महिन्यांवरील मुलाला आई घरीच बरे करू शकते. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

तरीही सुदानमध्ये ते अनेक मुलांपर्यंत पोहोचत नाही. १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ (आरएसएफ) हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, आणि पुढच्याच महिन्यात राजधानी खार्टूममधील, देशाला लागणाऱ्या उपचारखाद्यापैकी ६० टक्के पुरवणारा कारखाना जळाला. युनिसेफने सांगितल्याप्रमाणे त्यात १४,५०० खोकी नष्ट झाली. एका खोक्यात १५० पाकिटे असतात आणि तेवढ्यात साधारण एका मुलाचा पूर्ण उपचार होतो, हे लक्षात घेतले की तो आकडा वाचवत नाही. जून २०२५ मध्ये पोर्ट सुदानहून १,८०० किलोमीटरहून अधिक अंतर कापून दारफूरमधील अल फाशर शहराकडे निघालेल्या मदतीच्या ताफ्यावर अल कोमा येथे हल्ला झाला आणि पाच जण ठार झाले. आरएसएफच्या वेढ्यात अडकलेल्या अल फाशरमधील माणसे तेव्हा अंबाज, म्हणजे आपल्याकडे गुरांना घालतात तशी शेंगदाण्याची पेंड, खाऊन दिवस काढत होती. सुदान स्वतः जगातील मोठ्या भुईमूग उत्पादक देशांपैकी एक आहे!

एक उणीव नोंदवायलाच हवी. पाकीट एका मुलाचे असते, भूक मात्र साऱ्या घराची असते. त्यामुळे ते भावंडांत वाटले जाते आणि आजारी मुलाची मात्रा अपुरी पडते. सुदानमध्ये ही उणीव स्थानिक स्वयंसेवकांची ‘तकाया’ नावाची सामुदायिक स्वयंपाकघरे डाळ-कडधान्ये शिजवून भरून काढतात. पाकिटाला मी पूर्ण गुण देते, पण देणगीदारांनी त्याच्या जोडीने या चुलींनाही पैसे द्यावेत, कारण २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबताच त्यांपैकी शेकडो विझल्या.