न्याहारी-निवासासाठी फोटो: फुकटचे, विकतचे की आपल्याच अंगणातले?

माझ्या मामेभावाने मालवणजवळच्या देवबागला पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या, तेव्हा पत्रकावर एका फुकट संकेतस्थळावरचा फोटो छापला. पांढरीशुभ्र वाळू, निळंहिरवं पाणी आणि दोन माडांमध्ये बांधलेला जाळीचा झोका. शेजारच्या रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमार) काकांनी पत्रक हातात घेतलं, नीट बघितलं आणि म्हणाले, "हो दर्या आमचो न्हय." पुढे पुण्याहून आलेल्या कुटुंबातल्या मुलीने गाडीतून उतरताच झोका कुठे आहे ते विचारलं. तिचा पडलेला चेहरा बघवेना. तेव्हापासून कोणी फोटोंबद्दल विचारलं की मी आधी उलट विचारते: फोटो कशाचा हवाय?

सोलकढीचा पेला, ओला नारळ, पावसाचे थेंब, पत्रकाच्या मागची पोत अशा गोष्टींसाठी अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे ही फुकट फोटोंची संकेतस्थळं पुरेशी आहेत. तिन्हींवरचे फुकट फोटो धंद्यासाठी वापरता येतात आणि छायाचित्रकाराचं नाव देण्याची सक्ती नाही. मी तरी नाव देते, कुणाची तरी मेहनत असते ती. अनस्प्लॅशवर मधेमधे पैसे भरायचे फोटोही दिसतात, तेवढं बघून घ्या. जपायचं ते माणसांच्या फोटोंना. हसऱ्या जोडप्याचा फोटो घेऊन खाली 'आमचे समाधानी पाहुणे' लिहिलंत, तर ती माणसं तुमची शिफारस करताहेत असं भासतं, आणि पेक्सेल्सच्या अटींत ते चालत नाही. मुळात ते खोटंही आहे.

किल्ले दाखवायचे असतील तर मात्र विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहाला तोड नाही. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा यांचे फोटो तिथे आहेत, आणि ते खरोखर त्या जागेचे आहेत. इथल्या अटी वेगळ्या. बहुतेक फोटोंना छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा उल्लेख द्यावाच लागतो. परवान्यात 'शेअरअलाइक' असेल, तर त्या फोटोत फेरफार करून केलेलं चित्रही त्याच अटींवर इतरांना खुलं ठेवावं लागतं. प्रत्येक फोटोच्या पानावर परवाना लिहिलेला असतो, तो वाचायला दोन मिनिटं द्या. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ टाकली की काम झालं.

शटरस्टॉक, अडोबी स्टॉकसारखी विकतची संकेतस्थळं दोन खोल्यांच्या घराला क्वचितच लागतात. तिथला 'रॉयल्टी फ्री' हा शब्द फसवतो. त्याचा अर्थ फुकट नव्हे. एकदा पैसे भरा, मग ठरलेल्या अटींत पुन्हा पुन्हा वापरा, एवढाच.

आणि गूगलवर शोधून सापडलेला फोटो उचलणं हा पर्यायच नाही. आपल्याकडे फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो.

तुमचं घर, तुमची खोली, तुमची वाळू यांना बाहेरचा फोटो लावूच नका. जांभ्या चिऱ्यांची भिंत पावसानंतर कशी गडद तांबडी होते, सुरूच्या बनातून समुद्र कसा दिसतो, हे कुठल्याही संग्रहात तुमच्यासाठी ठेवलेलं नाही. हल्लीचा बरा मोबाइल आणि सकाळचं ऊन एवढ्यावर निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी मालवण-कुडाळकडे लग्नांचे फोटो काढणारा एखादा मुलगा बोलवा. लग्नसराई नसताना अर्धा दिवस मोकळा मिळतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: पैसे देऊन स्वतःसाठी काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. तरी दोन्ही बाजूंनी काय ठरलं ते आधी लिहून ठेवा. त्यालाही ते फोटो स्वतःचं काम म्हणून दाखवायचे असतात, आणि ती परवानगी मोकळ्या मनाने द्यावी.

पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, माडाच्या झावळ्या धुऊन निघालेल्या असतात तेव्हा बोलवा. मूळ फाइली पेनड्राइव्हवर मागून घ्या. व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून आले तर ते दाबले जातात आणि छापताना फुटतात.