रोमन चांदीतलं पहिलं नाणं: डिनॅरियस, अँटोनिनियानस की सिलिक्वा?

दीडशे पौंड साठवलेत, रोमन चांदीचं एकच नाणं घ्यायचंय, कोणतं घेऊ? इंग्लंडमध्ये राहून मी ही नाणी जमवायला लागल्यापासून हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा कानावर आलाय. कधी नाशिकचा भाचा फोनवर विचारतो, कधी इथल्या महाराष्ट्र मंडळातले मित्र. आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेकदा एक नाव आधीच पक्कं झालेलं असतं: जूलियस सीझर.

तर सीझरपासूनच सुरुवात करू. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध नाणं म्हणजे हत्तीचा डिनॅरियस. डिनॅरियस म्हणजे रोमचं नेहमीच्या वापरातलं चांदीचं नाणं. इ.स.पू. ४९ च्या सुमारास, यादवी पेटली तेव्हाचं. एका बाजूला सापाला तुडवणारा हत्ती आणि खाली सीझरचं नाव, दुसऱ्या बाजूला पुरोहिताची उपकरणं. सैन्याला पगार द्यायचा होता, त्यामुळे हे नाणं अफाट संख्येनं पाडलं गेलं. म्हणजे ते दुर्मीळ अजिबात नाही. तरीही नावामुळे त्याची किंमत दीडशे पौंडांच्या कितीतरी पुढे जाते, आणि त्यावर सीझरचा चेहराही नाही. जिवंत माणसाचा चेहरा रोमच्या टाकसाळीतून नाण्यावर पहिल्यांदा आला तो सीझरचाच, पण इ.स.पू. ४४ मध्ये, आणि ती नाणी आणखी महाग आहेत. पहिल्या खरेदीत निम्म्याहून जास्त पैसे फक्त नावाचे मोजावेत, हे मला पटत नाही. त्याच पैशात काय काय मिळतं ते शेजारी शेजारी ठेवून पाहा.

आधी चांदीचं सांगतो, कारण पुढची सगळी निवड तिच्यावर ठरते. डिनॅरियस सुरू झाला इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना. सुरुवातीला वजन साधारण साडेचार ग्रॅम, मग लवकरच चारच्या आत स्थिरावलं. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर चार मासे, म्हणजे तोळ्याचा तिसरा हिस्सा. चांदी जवळजवळ शुद्ध. इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोनं एका रोमन पौंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायला लावली आणि कसही उतरवला. तिथून उतरण सुरू झाली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात नाण्यात निम्म्याच्या आसपास चांदी उरली. इ.स. २७० पर्यंत तर तांब्यावर चांदीचा नुसता मुलामा राहिला. म्हणजे ‘रोमन चांदी’ म्हणून तुमच्या तळहातावर जे येईल, ते खणखणीत चांदीचं असेल किंवा चांदीची आठवण असेल. विकत घेताना हे माहीत हवं.

आता प्रजासत्ताकाच्या काळातला, म्हणजे सम्राट यायच्या आधीचा डिनॅरियस. माझा जीव इथेच गुंतलाय, हे आधीच कबूल करतो.

या नाण्यांवर राजा नाही. टाकसाळ सांभाळायला दरवर्षी तरुण अधिकारी नेमले जात. राजकारणात अजून वर चढायचं असलेली ही मंडळी नाण्यावर आपल्या घराण्याची कथा कोरून घेत. त्यामुळे दर वर्षी चित्रं बदलत. इ.स.पू. ८९ च्या एका नाण्यावर रोमची टार्पिया दिसते: तिनं शत्रूला गडाचं दार उघडून दिलं आणि त्याच शत्रूच्या ढालींखाली ती गाडली गेली. इ.स.पू. ११३ च्या आसपासच्या एका नाण्यावर मतदान चाललंय. अरुंद फळीवरून एक जण मतपत्रिका घेतोय, पुढचा ती पेटीत टाकतोय, आणि हे सगळं दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान जागेत. नाणी जमवणाऱ्याच्या काळजाला भिडेल असं एक नाणं इ.स.पू. ४६ चं, टायटस कॅरिसियसचं. छाप्यावर जूनो मोनेटा देवी, काट्यावर नाणी पाडायची हत्यारं: ऐरण, चिमटा, हातोडा. रोमची टाकसाळ याच देवीच्या देवळाशेजारी होती, आणि इंग्रजीतला ‘मनी’ हा शब्द तिच्याच नावावरून आला.

आणि मग इ.स.पू. ८२ चं गायस मॅमिलियस लिमेटानसचं नाणं. छाप्यावर पंखांची टोपी घातलेला मर्क्युरी देव. काट्यावर हातात काठी घेतलेला, प्रवाशाच्या वेषातला, ग्रीक महाकाव्यातला वीर युलिसिस, आणि त्याच्यासमोर त्याचं कुत्रं, आर्गोस. ट्रॉयचं युद्ध आणि भटकंती मिळून वीस वर्षांनी तो घरी आलाय, भिकाऱ्याच्या सोंगात. बायको ओळखत नाही, नोकर ओळखत नाहीत. उकिरड्यावर पडलेलं म्हातारं कुत्रं मात्र ओळखतं, शेपूट हलवतं आणि प्राण सोडतं. मॅमिलियस घराणं आपली वंशावळ युलिसिसपर्यंत नेत असे, म्हणून हे चित्र. धर्मराजासोबत स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेलं कुत्रं लहानपणी ऐकलेल्या आपल्या लोकांना हे नाणं समजावून सांगावं लागत नाही. या नाण्याची कडा करवतीसारखी आहे, कारण ठसा मारण्याआधी चकतीच्या कडेला छिन्नीनं खाचा पाडल्या जात. बोट फिरवलं की त्या खाचा लागतात, आणि तो स्पर्श कुठल्याही फोटोत मिळत नाही.

किमतीचं म्हणाल तर रोमादेवी आणि घोडेस्वार जुळे भाऊ असलेली साधी जुनी नाणी शंभर-सव्वाशे पौंडांपासून बऱ्या अवस्थेत मिळतात. टार्पिया किंवा युलिसिस हवा असेल तर दीडशेत थोडी झीज पत्करावी लागते. माझ्या मते ती पत्करावी. कथेचं नाणं झिजलं तरी कथा सांगतं. चेहऱ्याचं नाणं झिजलं तर हातात धातू उरतो.

चेहऱ्यांकडे वळलो तर स्पर्धा सम्राटांच्या डिनॅरियसची. इथे भारतीय माणसाला ओढ लागते ती टायबेरियसच्या नाण्याची, आणि ती ओढ खरी आहे. छाप्यावर त्याचा चेहरा, काट्यावर हातात राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री. आजच्या फ्रान्समधल्या लिऑन शहरात पाडलेलं हे नाणं आणि त्याच्या आधीचं, ऑगस्टसनं दत्तक घेतलेल्या त्याच्या दोन नातवांना ढाली-भाल्यांसह दाखवणारं नाणं, या दोन छापांचा दक्षिण भारतात सापडलेल्या डिनॅरियसच्या निधींत, म्हणजे पुरून ठेवलेल्या साठ्यांत, भरणा आहे. तेलंगणातल्या अक्कनपल्लीच्या निधीत दीड हजारांहून जास्त डिनॅरियस मिळाले, तेही ऑगस्टस आणि टायबेरियसचे. मिरी, मोती, तलम कापड यांच्या बदल्यात ही चांदी आली. नीरोनं कस उतरवल्यावर आपल्या व्यापाऱ्यांनी जुनीच नाणी पसंत केली, असा त्याचा अर्थ लावला जातो. रोमन लेखक प्लिनीनं सिंहलद्वीपाच्या राजाची एक गोष्ट लिहून ठेवलीय. भरकटून पोहोचलेल्या एका रोमन माणसाजवळचे डिनॅरियस राजानं पाहिले. चेहरे वेगवेगळ्या राजांचे, वजन मात्र सगळ्यांचं सारखं. त्यावरून हे लोक सचोटीचे आहेत असं त्यानं ठरवलं. नाण्याची पारख अशी करायची असते.

अडचण एकच, बायबल. ‘सीझरचं ते सीझरला द्या’ हे येशूनं ज्या नाण्याकडे बोट दाखवून सांगितलं ते हेच, असं परंपरेनं मानतात. त्यामुळे जगभरातले ख्रिस्ती गिऱ्हाईक त्यावर तुटून पडतं आणि भाव सहज अडीचशे-तीनशे पौंडांच्या वर जातो. शिवाय मागणी आहे तिथे खोटी नाणीही आहेत. मी स्वतः एका विक्रेत्याकडून घेतलेला टायबेरियस तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेला निघाला. कडेला हिरवट ठिपका दिसत होता आणि मी तो मळ समजलो होतो. ते नाणं रोमन काळातलंच होतं, त्या काळीही लबाडी चालायची, पण मी पैसे चांदीचे मोजले होते. तेव्हापासून कडेचा फोटो पाहिल्याशिवाय मी काही घेत नाही.

चेहरा हवा पण एवढा खर्च नको, तर पुढच्या शतकात या. ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस, मार्कस ऑरेलियस. ठसे कोरणाऱ्यांचं कौशल्य या काळात शिखरावर होतं, असं मला वाटतं. हेड्रियनची दाढी केसागणिक दिसते. तो साम्राज्यभर फिरला आणि त्या प्रवासाची मालिकाच त्यानं नाण्यांवर काढली: ईजिप्त, स्पेन, आफ्रिका, प्रत्येक प्रांत स्त्रीरूपात. अँटोनायनसची बायको फॉस्टिना वारल्यावर तिच्या स्मरणार्थ इतकी नाणी निघाली, की डोक्यावर बांधलेल्या वेण्यांचा तिचा अंबाडा आजही शंभर पौंडांच्या आत सुबक मिळतो. झीज अजिबात नको, भिंगाखाली एक माणूस नीट पाहायचाय, अशी इच्छा असेल तर दीडशे पौंडांत यापेक्षा चांगला सौदा नाही. इथे मी माझ्या युलिसिसची बाजू घेत नाही.

सेव्हेरसच्या घराण्याची नाणी स्वस्त आहेत, चांदी हिणकस आहे आणि ठसे घाईनं मारलेले. तरी काराकाला आणि गेटा या भावांची बालपणीची नाणी जोडीनं घेता आली तर घ्या. इ.स. २११ मध्ये थोरल्यानं धाकट्याला मारलं आणि त्याचं नाव शिलालेखांवरून खरवडून काढलं. लोकांच्या हातातल्या नाण्यांवरून मात्र ते काढता आलं नाही.

याच काराकालानं इ.स. २१५ मध्ये अँटोनिनियानस काढला. राजाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट ही त्याची खूण. राणी असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर. त्याची किंमत दोन डिनॅरियसांची मानली जाई, असा सर्वमान्य तर्क आहे. पण चांदी होती दीडपटच. फसवणूक पहिल्या दिवसापासून धातूतच होती. पहिलं नाणं म्हणून मात्र त्याचे मोठे गुण आहेत: आकारानं मोठा, लेख वाचायला सोपा, आणि तिसऱ्या गॉर्डियनचा चकचकीत नमुना पन्नास-साठ पौंडांत मिळतो. तेरा वर्षांचा असताना हा मुलगा सम्राट झाला आणि विशीच्या आत मेला. शाळकरी भाच्याला भेट द्यायची तर मी गॉर्डियनच देईन.

स्वतःसाठी या जातीतलं घ्यायचं असेल तर सम्राट फिलिपचं घ्या. इ.स. २४८ मध्ये रोमला हजार वर्षं झाली म्हणून खेळांचा उत्सव झाला, आणि त्याच्या नाण्यांवर सिंह, काळवीट, पाणघोडा, जुळ्यांना पाजणारी लांडगी अशी जनावरं आली. या मालिकेतला सिंह मी तीन वर्षं शोधत होतो. त्यानंतरच्या गॅलियेनसच्या नाण्यांवरही हरणं आणि नरतुरंग आहेत, देखणे आहेत, पण त्यांना चांदीची नाणी म्हणून विकत घेऊ नका.

सिलिक्वाबद्दल थोडक्यात. चौथ्या शतकात चांदी पुन्हा शुद्ध झाली, पण नाणं पातळ आणि दोनच ग्रॅमचं. चेहरे सगळे एकसारखे, मागे अनेकदा हारात राजवटीच्या वर्षांसाठी बोललेल्या नवसाचे आकडे. इंग्लंडमध्ये मात्र त्याला वेगळाच अर्थ आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला इथे नवी नाणी येणं थांबलं आणि लोकांनी असलेल्यांच्याच कडा कातरल्या, पण राजाचा चेहरा तेवढा शाबूत ठेवला. १९९२ मध्ये सफकमधल्या हॉक्स्नला सापडलेल्या निधीत अशी चौदा हजारांवर सिलिक्वा होती, ती ब्रिटिश म्युझियममध्ये पाहता येतात. तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल तर संग्रहात दुसरं-तिसरं नाणं म्हणून एक कातरलेली सिलिक्वा असावी. पहिलं म्हणून नको.

भारतात राहणाऱ्यांनी खरेदीआधी कायदा बघावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे भाच्याकडे नाशिकला गेलेला गॉर्डियन परत माझ्याकडे येणार नाही, हे धरूनच चालायचं. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, म्हणून ‘शेतात मिळालंय’ म्हणून कोणी रोमन नाणं पुढे केलं तर हात लावू नका. आणि नाशिकमध्ये असाल तर खरं तर रोमपर्यंत जायची गरजही नाही. जवळच जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलाय. चेहरा एका राजाचा, वर खुणा त्याला हरवणाऱ्याच्या, आणि चेहऱ्याभोवती ग्रीक वळणाची अक्षरं. ही नाणी पाहिल्यावर रोमन नाण्यांकडे बघायची नजर बदलते, निदान माझी बदलली.

नाणं घरी आलं की चिंच, लिंबू, रांगोळी यातलं काहीही त्याला लावू नका. काळसर थर राहू द्या, त्यानंच अक्षरं उठून दिसतात. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात वर्षानुवर्षं ठेवू नका, कागदी पाकीट बरं. आणि कडेला धरून हातात घ्या, रोज घ्या.

माझ्याकडचा युलिसिस तसा स्वस्तात मिळाला, कारण त्याचा चेहरा पूर्ण झिजलाय आणि काठीही अर्धीच उरलीय. कुत्र्याचं वर उचललेलं तोंड मात्र अजून स्पष्ट दिसतं.