टामिया टीटी-०२ : आधी डँपर बदला
१/१० आकाराची ही रिमोटवरची, शाफ्टवाली (दांड्याने चारही चाकं फिरवणारी) फोर-व्हील ड्राइव्ह गाडी शिकायला उत्तम, पण साध्या किटमधले फ्रिक्शन डँपर, म्हणजे नुसत्या घर्षणावर चालणारे धक्काशोषक, तिला मागे खेचतात. त्यांत तेलच नसतं. चाक उसळलं की उसळत राहतं, आणि हवेतल्या चाकाला कसली ग्रिप! टामियाचेच सीव्हीए नावाचे तेल भरलेले डँपर जरूर घ्या. ४०० नंबरच्या तेलाने सुरुवात करा; नंबर जितका मोठा, तितकं तेल घट्ट. पिस्टन सावकाश वरखाली करून बुडबुडे पूर्ण निघू द्या, मगच झाकण लावा. दाबताना पचपच आवाज आला तर आत हवा आहे, पुन्हा भरा. दाबून सोडल्यावर डावा-उजवा डँपर सारख्याच वेगाने परतायला हवा. मागचं टोक सुटतंय? मागच्या स्प्रिंग मऊ करा. वळणात नाक बाहेर जातंय? पुढच्या. एका वेळी एकच बदल. तापलेल्या डांबरावर तेल पातळ होतं, तेव्हा एक पायरी वरच्या नंबरचं, घट्ट तेल घाला.