थोरियम रीडर: सुगम्यतेची नोंद वाचकासमोर ठेवणारे ई-पुस्तक सॉफ्टवेअर

पॅरिसमधील ईडीआरलॅब या ना-नफा संस्थेने तयार केलेले थोरियम रीडर हे विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारे, मोफत आणि मुक्तस्रोत असे ई-पुस्तके वाचण्याचे सॉफ्टवेअर आहे. अक्षरे मोठी करणे, रंग बदलणे, मजकूर मोठ्याने वाचून घेणे या सोयी त्यात चांगल्या आहेत आणि एनव्हीडीए किंवा जॉजसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांचाही विचार त्यात केलेला आहे. माझ्या मते मात्र त्याचे खरे मोल पुस्तकाच्या माहितीच्या चौकटीत आहे, कारण हे पुस्तक कोणाला कसे वाचता येईल याची नोंद प्रकाशकाने ईपब फाइलमध्ये (ई-पुस्तकांच्या प्रचलित स्वरूपातील फाइलमध्ये) केली असेल, तर थोरियम ती तिथे दाखवते.

ही नोंद, म्हणजेच सुगम्यतेचा मेटाडेटा, स्कीमा डॉट ऑर्ग या वेबवरील माहितीच्या नोंदींसाठीच्या सामायिक शब्दसंग्रहाने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या गुणधर्मांवर आधारलेली असते. चित्रांना पर्यायी मजकूर (चित्राचे शब्दांतले वर्णन) आहे का, सूत्रे मॅथएमएलमध्ये (गणिती सूत्रे लिहिण्याच्या संगणकीय भाषेत) आहेत का, छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमांक मिळतात का, लखलखणाऱ्या दृश्यांमुळे अपस्माराच्या रुग्णाला धोका आहे का, हे त्यातून समजते. त्यातही, केवळ मजकुराच्या आधारे संपूर्ण पुस्तक समजू शकते की नाही, ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुस्तकात चित्रे आहेत एवढेच सांगितल्याने अंध विद्यार्थ्याला काहीच ठरवता येत नाही. त्या चित्रांवाचून त्याचे अडणार नाही, हे कळले तरच तो ते पुस्तक अभ्यासाला घेऊ शकतो.

अर्थात, प्रकाशकाने जे लिहिलेच नाही ते थोरियम कोठून दाखवणार? शिवाय लिहिलेले खरे असेलच असेही नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये, जुळवलेला मराठी मजकूर तसाच ईपबमध्ये घातला, तर पुस्तकावर मजकूर असल्याची नोंद येते, डोळ्यांना अक्षरेही नीट दिसतात, पण स्क्रीन रीडर निरर्थक रोमन अक्षरे उच्चारतो. भाषेची नोंद चुकीची असेल, तर मराठी आवाज बसवलेला असूनही दुसऱ्याच भाषेचा आवाज वाचू लागतो. सुगम्यतेच्या नोंदीबरोबर या दोन्ही बाबी तपासायलाच हव्यात.

दुसरी मर्यादा अशी की, थोरियममध्ये ही माहिती पुस्तक हाती आल्यावर दिसते, तर वाचकाला ती विकत घेण्यापूर्वी हवी असते. २८ जून २०२५ पासून लागू झालेल्या युरोपीय सुगम्यता कायद्यात ई-पुस्तकांच्या सुगम्यतेची माहिती मेटाडेटातून देण्याची अट आहे. मराठी ई-पुस्तकांच्या विक्रेत्यांनीही पृष्ठसंख्या आणि किमतीशेजारी ती द्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

वाचकांनी थोरियम अवश्य वापरावे. प्रकाशकांनी त्याच्या जोडीला डेझी कन्सॉर्टियम या सुगम्य प्रकाशनासाठी काम करणाऱ्या संस्थेचे 'एस' हे मोफत तपासणी साधन घ्यावे. ईपबमध्ये कोणत्या नोंदी राहून गेल्या आहेत, हे ते प्रकाशनापूर्वीच सांगते.