पलासियातील निद्राविकार केंद्र : शुल्क, रजा आणि झोप

अँजिओप्लास्टीनंतर मी पीथमपूरच्या कारखान्यात पुन्हा रुजू झालो खरा; पण इंदूरच्या सराफ्यातील रात्रीच्या खाऊबाजारात खवय्यांची वर्दळ ओसरेपर्यंत टक्क जागा राहायचो आणि पहाटे डोळा लागला की सकाळची कंपनीची बस हमखास चुकायची. एका तिमाहीत अकरा दिवस बिनपगारी गेले. रोजचे १,४०० रुपये धरता हे १५,४०० झाले. ज्या दिवशी गेलो त्या दिवशी हजेरी लागली, मात्र तपासणीच्या नोंदी दोनदा चुकल्या. तो तोटा कुठल्याच वहीत चढला नाही.

अखेर पलासिया भागातील एका निद्राविकार केंद्रात गेलो. (पुढे तक्रार आहे, म्हणून नाव देत नाही.) डॉक्टर भेटण्याआधीच स्वागतकक्षात रात्रभराच्या झोपचाचणीचा नऊ हजारांचा अर्ज पुढे करण्यात आला, हे खटकले. ही चाचणी मुख्यतः झोपेत श्वास अडकतो का हे पाहण्यासाठी असते. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने झोप न लागणे म्हणजे जुनाट निद्रानाश; त्याचे निदान सहसा विचारपुशीतूनच होते. डॉक्टरांनी सौ.ला माझ्या घोरण्याबद्दल नीट विचारले आणि अर्ज बाजूला ठेवला.

त्यानंतरचे काम मात्र चोख होते. लघवीची गोळी रात्रीऐवजी सकाळी चालेल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारण्यास सांगितले. त्यांनी वेळ बदलून दिली आणि रात्री तीनदा उठणे एकदावर आले. झोपेच्या गोळ्यांऐवजी सहा बैठकांचा वर्तनोपचार, म्हणजे झोपेच्या सवयी बदलण्याचा उपचार, दिला. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर हाच पहिला उपचार सुचवला आहे. माझ्या झोपेच्या नोंदवहीत अंथरुणातले तास सात आणि झोपेचे जेमतेम पाच निघाले, तेव्हा अंथरुणातला वेळ झोपेइतकाच राहावा म्हणून समुपदेशक बाईंनी रात्री साडेबाराच्या आत पाठ टेकायची नाही, असे बजावले. पहिल्या आठवड्यात डुलकी लागू नये म्हणून मी बसमध्ये दांडी धरून उभा असे. पाचव्या आठवड्यात झोप सहा तासांवर गेली आणि पुढच्या तिमाहीत दोनच दिवस बुडाले.

शुल्क बैठकीमागे १,२००, म्हणजे एकूण ७,२०० रुपये. परंतु केंद्र सोमवार ते शुक्रवार, अकरा ते चारच उघडे असल्याने सहा वेळा अर्धा दिवस बुडाला. त्याचे ४,२०० निराळे. रविवार सकाळची एक वेळ ठेवावी, असे मी त्यांच्या अभिप्रायवहीत लिहून आलो आहे.